आधी ओळख, मग चाप : जवळच्या लढतीतील शस्त्रप्रशिक्षण

खोली, जिना, बोळ, विमानाचा अंतर्भाग किंवा रेल्वेचा डबा अशा बंदिस्त जागेत, जिथे प्रतिस्पर्ध्याचे अंतर पावलांत मोजावे लागते, तिथे शस्त्र सुरक्षितपणे बाळगण्याचे, योग्य क्षणी वापरण्याचे आणि अयोग्य क्षणी रोखून धरण्याचे जे शिक्षण दिले जाते त्याला जवळच्या लढतीचे शस्त्रप्रशिक्षण म्हणतात. चांदमारीच्या मैदानावरील नेमबाजीपेक्षा ते मुळातूनच वेगळे आहे. मैदानावर लक्ष्य कोठे आहे हे नेमबाजाला आधीच ठाऊक असते, गोळी झाडण्याचा हुकूम दुसरा कोणी देतो, लक्ष्याच्या मागे गोळी अडवणारा मातीचा उंच बांध असतो आणि मध्ये कोणी निरपराध माणूस येण्याची शक्यता नसते. बंद दाराआडच्या खोलीत यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. तिथे अंतर कमी असल्यामुळे नेम साधणे सोपे होते, पण नेमक्या त्याच कारणाने निर्णयाला मिळणारा वेळ आटतो, आणि समोर उभी असलेली व्यक्ती हल्लेखोर आहे, ओलीस आहे, की आपलाच सहकारी आहे, हे त्या तुटपुंज्या वेळातच ठरवावे लागते. गेल्या शंभर वर्षांत हे शास्त्र ज्या टप्प्यांनी घडत गेले ते पाहिले असता त्याचा भर वेगाकडून ओळखीकडे आणि व्यक्तीच्या शौर्याकडून तुकडीच्या शिस्तीकडे सरकत गेल्याचे स्पष्ट दिसते.

शांघायमधील आरंभ

या शास्त्राची पहिली पद्धतशीर मांडणी युरोपातील एखाद्या लष्करी विद्यालयात न होता चीनमधील शांघाय शहरात, तेथील परकीय वसाहतीच्या पोलीस दलात झाली. ब्रिटिश, चिनी, शीख आणि जपानी शिपाई असलेल्या या महापालिका पोलीस दलात विल्यम फेअरबर्न हा पूर्वी ब्रिटिश नौदलाच्या सागरी सैन्यात काम केलेला इसम १९०७ साली दाखल झाला. अफूचा व्यापार, अपहरणे आणि सशस्त्र टोळ्या यांनी ग्रासलेल्या या शहरात पोलिसांना वारंवार चकमकींना तोंड द्यावे लागे. फेअरबर्न आणि त्याचा सहकारी एरिक सायक्स यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘शूटिंग टू लिव्ह’ या पुस्तकात साडेबारा वर्षांतील ६६६ सशस्त्र चकमकींचा हिशेब दिलेला आहे. अशा चकमकींपैकी बहुतेक चार यार्डांच्या, म्हणजे सुमारे साडेतीन मीटरांच्या आत, अनेकदा अपुऱ्या उजेडात आणि क्षणार्धात घडतात, असे त्यांनी अनुभवाअंती नोंदवले.

या निरीक्षणातून त्यांनी काढलेला निष्कर्ष त्या काळाच्या मानाने क्रांतिकारक होता. जिवावर बेतल्यावर माणूस आपसूक गुडघ्यांत वाकतो, धोक्याकडे तोंड करतो आणि हातातली वस्तू घट्ट आवळतो. तेव्हा ताठ उभे राहून, एक डोळा मिटून, सावकाश नेम धरण्याचे शिक्षण नेमके गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरते. शरीर जे करणारच आहे त्याच्याशी जुळवून घेणारी पद्धत शिकवली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पिस्तुलाची हाताळणीही त्यांनी शक्य तितकी साधी केली. पिस्तुलावरील सुरक्षा-खटका त्यांनी कायमचा निकामी करून टाकला आणि त्याऐवजी काडतूस नळीच्या मागच्या कप्प्यात, म्हणजे चेंबरमध्ये, न भरता पिस्तूल बाळगायचे आणि बाहेर काढतानाच ते भरायचे, अशी सवय शिपायांना लावली. ही रीत पुढच्या पिढीतील अनेक प्रशिक्षकांनी नाकारली, परंतु तिच्यामागचे तत्त्व टिकून राहिले : ताणाखाली हाताला जितकी कमी कामे करावी लागतील तितक्या चुका कमी होतात.

फेअरबर्नची याहून मोलाची देणगी म्हणजे सरावासाठी उभारलेले घर. या घरात प्रशिक्षणार्थीला एकट्याने पाठवले जाई. आत अंधुक उजेड असे, पायाखालची पायरी अवचित दबे, कानाशी फटाके वाजत आणि अनपेक्षित ठिकाणी आकृत्या पुढे येत. पुढच्या क्षणी काय होणार याची प्रशिक्षणार्थीला कल्पना नसणे, हाच त्या रचनेचा गाभा होता. आज जगभरातील विशेष दले वापरत असलेल्या सराव-घरांचे मूळ येथे सापडते. १९४० साली ब्रिटनला परतल्यावर फेअरबर्नने कमांडोंना आणि गुप्त मोहिमांवर जाणाऱ्या हस्तकांना शिकवले, पुढे कॅनडा व अमेरिकेतही हेच काम केले, आणि त्यामुळे शांघायच्या गल्ल्यांतील अनुभव दुसऱ्या महायुद्धातील प्रशिक्षणात सर्वदूर पोहोचला.

शांघायच्या या इतिहासाला एक काळी बाजूही आहे आणि ती विसरून चालणार नाही. ३० मे १९२५ रोजी याच पोलीस दलाने नानजिंग मार्गावर निदर्शकांच्या जमावावर गोळीबार केला, त्यात अनेक जण मृत्युमुखी पडले आणि चीनभर परकीय सत्तेविरुद्ध संतापाची लाट उसळली. या घटनेनंतर दंगल हाताळण्यासाठी जे स्वतंत्र राखीव पथक उभारण्यात आले त्याच्या प्रशिक्षणाची जबाबदारी फेअरबर्नकडेच आली. शस्त्र चालवता येणे आणि ते केव्हा चालवू नये हे कळणे या दोन वेगळ्या विद्या असून दुसरीच्या अभावी पहिली समाजाला घातक ठरते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

दोन हातांची पकड आणि चार नियम

युद्धोत्तर काळात या विचाराला पुढचे वळण अमेरिकेत मिळाले. अमेरिकी सागरी सैन्यातील निवृत्त अधिकारी जेफ कूपर याने कॅलिफोर्नियातील बिग बेअर येथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पिस्तुलांच्या स्पर्धा सुरू केल्या. बहुतेक स्पर्धक तेव्हा कमरेच्या उंचीवरून, एका हाताने, घाईघाईने गोळ्या झाडत. लॉस एंजेलिस परगण्यातील जॅक वीव्हर या पोलीस अधिकाऱ्याने मात्र पिस्तूल दोन्ही हातांनी धरून डोळ्यांच्या रेषेत आणले, नळीच्या टोकावरची नेमाची खूण पाहून गोळी झाडली आणि बाकीच्यांना मागे टाकले. या पद्धतीत एक हात शस्त्र पुढे ढकलतो आणि दुसरा ते मागे ओढून धरतो, त्यामुळे गोळी सुटल्यावर बसणारा धक्का आवरला जातो व पुढचा नेम लवकर जुळतो. दोन हातांनी, डोळ्यांच्या रेषेत नेम धरण्याची रीत पुढे जगभर रूढ झाली. पायांची ठेवण आणि कोपरांचा ताण यांविषयी प्रशिक्षकांत आजही मतभेद आहेत. पण अंतर कमी असले तरी डोळा, हात आणि नळी एका रेषेत आल्याशिवाय गोळीचा भरवसा धरता येत नाही, हे आता बहुतेकांना मान्य आहे.

कूपरने १९७६ साली ॲरिझोनात स्वतःची प्रशिक्षण संस्था स्थापन केली आणि शस्त्रसुरक्षेचे चार नियम रूढ केले. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे; जे नष्ट करायचे नाही त्याच्याकडे नळी कधीही रोखू नये; नेम लक्ष्यावर स्थिरावेपर्यंत बोट चापावर नेऊ नये; आणि लक्ष्याची तसेच त्याच्या मागे काय आहे याची खात्री करून घ्यावी. या नियमांची रचना एकमेकांना आधार देणारी आहे. एखाद्याने बोटाची शिस्त मोडून चुकून चाप ओढला तरी नळीची शिस्त पाळली असेल तर गोळी जमिनीत किंवा भिंतीत जाईल. अपघाताने जीव जाण्यासाठी बहुधा एकाच वेळी दोन नियम मोडावे लागतात.

बंदिस्त जागेत या नियमांचे महत्त्व कित्येक पटींनी वाढते. दारातून एकामागोमाग एक आत शिरणाऱ्या तुकडीत पुढच्या सहकाऱ्याची पाठ मागच्याच्या नळीपासून हातभर अंतरावर असते. दचकल्यावर माणसाची मूठ आपोआप आवळते, पाय घसरल्यावर किंवा एका हाताने काही जोराने पकडल्यावर दुसऱ्या हाताची बोटेही नकळत आकसतात. म्हणूनच चाप ओढण्याचे बोट शस्त्राच्या बाजूला सरळ टेकवून ठेवण्याची सवय विचाराच्या पलीकडे जाऊन अंगवळणी पडावी लागते. चौथा नियमही येथे वेगळ्या अर्थाने लागू होतो, कारण पातळ भिंत, लाकडी दार किंवा विमानातील आसन गोळीला अडवू शकत नाही आणि पलीकडच्या खोलीत कोण आहे हे दिसत नसते.

पिस्तूल रिकामे करण्यासारखी साधी क्रियाही क्रमानेच का शिकवली जाते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. प्रथम नळी सुरक्षित दिशेला धरून, बोट चापापासून दूर ठेवून काडतुसांचे मॅगझिन बाहेर काढायचे, त्यानंतर वरचा सरकता भाग मागे ओढून चेंबरमधले काडतूस बाहेर पाडायचे, आणि शेवटी चेंबर डोळ्यांनी पाहून, अंधारात असल्यास बोटाने चाचपून, ते रिकामे असल्याची खात्री करायची. हाच क्रम उलटला, म्हणजे मॅगझिन आत असतानाच सरकता भाग मागे ओढला, तर एक काडतूस बाहेर पडते खरे, पण तो भाग पुढे जाताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. मग मॅगझिन काढून घेतले तरी पिस्तूल भरलेलेच राहते आणि धरणाऱ्याला मात्र ते रिकामे वाटते. ‘रिकाम्या’ पिस्तुलाने झालेल्या अनेक अपघातांचे मूळ या उलटलेल्या क्रमात असते.

ताणाखालचे शरीर

या प्रशिक्षणाचा दुसरा आधार म्हणजे माणसाच्या शरीराच्या मर्यादांचे ज्ञान. अपेक्षित असलेला एखादा साधा संकेत दिसल्यावर निरोगी माणसाला प्रतिसाद द्यायला सुमारे पाव सेकंद लागतो; परंतु अनेक पर्यायांतून निवड करायची असेल तर पर्यायांच्या संख्येबरोबर हा वेळ वाढत जातो, असे विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ साली प्रयोगांनी दाखवले. समोरच्याच्या हातात पिस्तूल आहे की मोबाइल, हे ठरवणे हा साधा प्रतिसाद नसून निवड आहे. शिवाय प्राणभयाने नजरेचा आवाका आक्रसतो, बाजूचे दिसेनासे होते, बंदुकीचा कानठळ्या बसवणारा आवाजही काहींना क्षीण ऐकू येतो आणि काळाची जाणीव बिघडते, असे चकमकींतून वाचलेल्या पोलिसांनी वारंवार सांगितले आहे. बोटांच्या बारीक हालचालीही अशा वेळी अडखळतात.

सॉल्ट लेक सिटी पोलीस दलातील प्रशिक्षक डेनिस टुलर याने १९८३ साली प्रसिद्ध केलेला एक लेख या संदर्भात महत्त्वाचा ठरला. धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे सुमारे साडेसहा मीटर, अंतर साधारण दीड सेकंदात कापतो आणि कमरेचे पिस्तूल काढून नेमकी गोळी झाडायला प्रशिक्षित पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, हे त्याने मांडले. त्याचा उद्देश शिपायाने अंतर राखावे, आडोसा घ्यावा आणि धोका वेळीच ओळखावा हा होता. पुढे मात्र या निरीक्षणाचा ‘२१ फुटांच्या आतील चाकूधाऱ्यावर गोळी झाडावी’ असा चुकीचा नियम करण्यात आला. मागे सरकून किंवा मध्ये टेबल ठेवून वेळ मिळवता येतो, आणि मिळालेल्या वेळात संभाषणाने प्रसंग निवळू शकतो, हा टुलरच्या निरीक्षणातून निघणारा खरा बोध आहे.

अशा परिस्थितीत हात आणि डोळे विश्वासाने चालावेत म्हणून सरावाच्या पायऱ्या आखलेल्या असतात. पहिली पायरी काडतुसांशिवायच्या सरावाची. तिच्यात पकड, नेम, चापावरचा दाब आणि अडकलेले काडतूस काढण्याची क्रिया संथ लयीत पुन्हा पुन्हा केली जाते, कारण गायकाच्या रियाजाप्रमाणे येथेही विलंबितात पक्की झालेली जागाच द्रुतात टिकते. दुसऱ्या पायरीवर मैदानावर खरी काडतुसे येतात, आणि तिसऱ्या पायरीवर रंगाची खूण उमटवणारी कमी शक्तीची काडतुसे वापरून माणसांसमोर माणसे उभी केली जातात. या शेवटच्या पायरीत ज्या प्रसंगांचे योग्य उत्तर गोळी न झाडणे हेच आहे असे प्रसंग मुद्दाम पेरावे लागतात. प्रत्येक सरावाचा शेवट गोळीबाराने होत असेल तर प्रशिक्षणार्थी दार उघडले की गोळी झाडायची, एवढेच शिकतो.

म्युनिक ते मानेसर

व्यक्तीचे कौशल्य कितीही असले तरी तुकडीची बांधणी नसेल तर काय होते, हे सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी जगाने पाहिले. आठ दहशतवाद्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले आणि फुर्स्टनफेल्डब्रुक विमानतळावर त्यांना सोडवण्याचा बव्हेरियन पोलिसांचा प्रयत्न पूर्णपणे फसला. आठ जणांसाठी पाचच नेमबाज नेमलेले होते, त्यांना विशेष प्रशिक्षण नव्हते, त्यांच्याकडे परस्परांशी बोलण्यासाठी रेडिओ नव्हते, आणि विमानात दबा धरून बसायला पाठवलेल्या पोलिसांनी ऐन वेळी आपापसांत ठरवून ती जागा सोडली होती. एकूण अकरा इस्रायली आणि एक जर्मन पोलीस मृत्युमुखी पडले. या आघातातून पश्चिम जर्मनीने उल्रिख वेगेनर याच्या नेतृत्वाखाली जीएसजी ९ हे पथक उभारले. पाच वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९७७ रोजी, सोमालियातील मोगादिशू विमानतळावर अपहृत ‘लांड्सहूट’ विमानात शिरून या पथकाने ८६ प्रवाशांची सुटका केली. विमानाच्या चिंचोळ्या मार्गिकेत, दोन्ही बाजूंना प्रवासी असताना, फक्त हल्लेखोरांवर गोळ्या झाडणे हे पाच वर्षांच्या अथक सरावाचे फळ होते.

ब्रिटनच्या एसएएस या पथकाने हेरफर्ड येथे असाच सराव ‘किलिंग हाउस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीत केला. तेथे पुतळ्यांच्या मध्ये पथकातलाच जिवंत सहकारी ओलीस म्हणून बसवून खऱ्या गोळ्यांनी सराव होई, आणि त्यामुळे ओळख पटवण्याची चूक किती महाग पडेल याचे भान प्रत्येकाला राही. ५ मे १९८० रोजी लंडनमधील इराणी वकिलातीतील ओलिसांची सुटका या पथकाने सुमारे १७ मिनिटांत केली.

भारतात १९८४ च्या ऑपरेशन ब्लू स्टारनंतर अशा पथकाची निकड प्रकर्षाने जाणवली आणि त्याच वर्षी हरियाणातील मानेसर येथे मुख्य प्रशिक्षणतळ असलेले राष्ट्रीय सुरक्षा दल, म्हणजे एनएसजी, उभे राहिले. त्याचा कायदा १९८६ साली झाला. प्रत्यक्ष धडक देणारा त्याचा विभाग सैन्यातून आलेल्या जवानांचा असतो. एप्रिल १९९३ मध्ये अमृतसर विमानतळावर अपहृत इंडियन एअरलाइन्सच्या विमानात शिरून या दलाने सर्व प्रवाशांना सुखरूप सोडवले.

मुंबईतील साठ तास

जवळच्या लढतीचे दुष्करत्व महाराष्ट्राने २६ नोव्हेंबर २००८ पासूनच्या सुमारे साठ तासांत अनुभवले. दहा दहशतवाद्यांनी केलेल्या या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. ताज हॉटेलच्या जुन्या इमारतीत शेकडो खोल्या, वळणावळणाचे मार्ग, धूर आणि अंधार होता, इमारतीची अंतर्गत रचना तुकड्यांना अपरिचित होती, आणि आत कड्या लावून बसलेले पाहुणे दार ठोठावणारा कोण आहे या भीतीने दार उघडत नव्हते. प्रत्येक दारामागे हल्लेखोर असू शकत होता आणि लपलेले कुटुंबही असू शकत होते. दिसेल त्यावर गोळ्या झाडत जाणे सोपे व वेगवान ठरले असते, पण त्याची किंमत निरपराधांनी मोजली असती. म्हणूनच खोलीमागून खोली तपासण्याचे काम इतके संथ चालले. ताजमध्ये जखमी सहकाऱ्याला सुरक्षित स्थळी पोहोचवून हल्लेखोरांच्या मागे गेलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि नरिमन हाउसमध्ये लढलेले हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट हे दोघे या कारवाईत हुतात्मा झाले.

परंतु एनएसजीचे जवान मुंबईत पोहोचण्याआधी हल्लेखोरांसमोर उभे राहिले ते स्थानिक पोलीस. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काहींच्या हाती लाठ्या होत्या, तर काहींच्या हाती दूर अंतरासाठी घडवलेल्या, प्रत्येक गोळीनंतर हाताने पुन्हा भराव्या लागणाऱ्या .३०३ रायफली. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोराच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर झेलून त्याला जिवंत पकडणे शक्य केले. या हौतात्म्यापुढे महाराष्ट्र कायम नतमस्तक राहील. पण शिपायावर अशी वेळ यावी, ही व्यवस्थेची उणीव होती. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या शस्त्रसज्जतेतील आणि सरावातील कमतरतांकडे लक्ष वेधले. पुढे मुंबईत एनएसजीचे केंद्र सुरू झाले आणि राज्य शासनाने फोर्स वन हे स्वतःचे पथक उभारले.

कायद्याची चौकट

शस्त्रकौशल्याला कायद्याच्या ज्ञानाची जोड नसेल तर ते अपुरे राहते. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत मान्य केलेला आहे, परंतु संरक्षणासाठी आवश्यक तेवढ्याच बळापुरता. मुंबई पोलिसांच्या चकमकींविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिलेल्या निर्देशांनुसार पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाल्यास स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी बंधनकारक आहे. प्रत्येक गोळीचे समर्थन नंतर शब्दांत करता आले पाहिजे, ही अट प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून मनावर बिंबवली गेली तर ती शिपायाचे ओझे न होता त्याचे संरक्षण ठरते, कारण विचारपूर्वक झाडलेल्या गोळीचा हिशेब देणे प्रामाणिक माणसाला अवघड जात नाही.

शांघायपासून मुंबईपर्यंतचा हा प्रवास एका निष्कर्षाकडे बोट दाखवतो. बंदिस्त जागेतील यश सगळ्यात वेगाने गोळी झाडणाऱ्याला मिळत नाही. ज्याचे हात सरावाने इतके तयार आहेत की मन केवळ ओळखण्याच्या कामाला मोकळे राहते, त्याला ते मिळते. अशी तयारी विशेष पथकांपुरती ठेवून भागणार नाही, कारण कोणत्याही हल्ल्याची पहिली काही मिनिटे रेल्वे स्थानकावर किंवा चौकात उभ्या असलेल्या शिपायाच्या वाट्याला येतात. त्याला सरावासाठी पुरेशी काडतुसे, जाणते प्रशिक्षक आणि कामाच्या वेळापत्रकात राखून ठेवलेला वेळ मिळणे ही चैन नव्हे, तर त्याच्या आणि नागरिकांच्या जिवाची हमी आहे. अर्थसंकल्पात कपात करण्याची वेळ आली की सर्वांत आधी सरावाच्या खर्चाला कात्री लावण्याची रीत म्हणूनच बंद झाली पाहिजे.